चार सुवर्णपदकं आणि एक नोकरी

दर उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या वाळत पडतात. खालचा प्लास्टिकचा कागद वाऱ्याने उडू नये म्हणून आई त्याच्या टोकांवर वजनं ठेवते. तीन टोकांवर विटा असतात आणि चौथ्यावर एक लाकडी थाळी, लोखंडी कडेची, दीड किलोची. ती माझी आहे. आठवीत असताना आजोबांनी घेऊन दिली होती.

आम्ही बडोद्याचे. आजोबा तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, त्यामुळे आमच्या घरात परवचा आणि जोर-बैठका दोन्हींना सारखाच मान होता. शाळेत सर या खेळाला गुजरातीत ‘चक्रफेंक’ म्हणायचे, घरी आम्ही ‘थाळीफेक’ म्हणायचो. अकरावीला सायन्स घेतलं, संध्याकाळचे क्लास सुरू झाले, पुढे बी.ई., मग नोकरी. थाळी आधी माळ्यावर गेली आणि मग गच्चीवर.

यंदा मे महिन्यात हा विषय पुन्हा निघाला. ताईची मुलगी दहावी झाली. ती थाळीफेकीत जिल्ह्यात दुसरी आली आहे. आता अकरावी सायन्स, म्हणजे क्लास आलाच. क्लासची वेळ संध्याकाळी पाच ते आठ, आणि ग्राउंडची वेळही नेमकी तीच. रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला जमले होते, तिथेच सभा भरली. भावोजी म्हणाले, “खेळू दे की, मी कुठे नाही म्हणतोय? पण पुढे काय?” ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. “हा तुझा मामाही टाकायचा थाळी. सोडलीच ना? काही अडलं का त्याचं?”

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी आमरसाची वाटी पुढे ओढली आणि काही बोललो नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसच्या एका रिलीजसाठी मला रात्रभर जागायचं होतं. अशा रात्री काम कमी आणि वाट पाहणं जास्त. म्हटलं, भाचीसाठी थाळीफेकीबद्दल काही वाचून ठेवू. वाचता वाचता एका अमेरिकन खेळाडूपाशी येऊन थांबलो. नाव अल ऑर्टर. एकाच खेळात सलग चार ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा ॲथलेटिक्समधला पहिला माणूस. आणि पोटापाण्यासाठी हा काय करायचा? विमानं बनवणाऱ्या एका कंपनीच्या संगणक विभागात नोकरी! मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

पायाशी पडलेली थाळी

ऑर्टरचा जन्म १९ सप्टेंबर १९३६ चा, न्यूयॉर्कमधला. शाळेत तो धावायचा. पंधरा वर्षांचा असताना मैदानावर कुणाची तरी थाळी घरंगळत त्याच्या पायाशी आली. त्याने ती उचलून परत फेकली, तर ती ज्याने टाकली होती त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेली. शाळेच्या कोचने ते पाहिलं आणि पोराचा खेळ बदलला. पुढे या खेळाच्या जोरावर त्याला कॅन्सस विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली.

आता ज्यांनी थाळी कधी हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी थोडंसं. पुरुषांची थाळी २ किलोची असते आणि महिलांची १ किलोची. पुरुषांच्या थाळीचा व्यास साधारण २२ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या घरातल्या डिशएवढा. फेकणारा अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळात उभा राहतो, आधी मैदानाकडे पाठ करून. मग दीड गिरकी घेऊन तो थाळी सोडतो. ती पडायला हवी पुढच्या साधारण ३५ अंशांच्या पट्ट्यात. गिरकी घेताना पाय वर्तुळाबाहेर गेला की फेक बाद.

बघणाऱ्याला वाटतं, सगळी ताकद हाताची. तसं नसतं. जोर पायांतून उठतो, कमरेतून वर येतो आणि हात सगळ्यात शेवटी येतो. हात आधी आला की फेक फसली. सुटताना थाळी बोटांवरून स्वतःभोवती फिरत निघते. त्या फिरण्यामुळे ती हवेत डगमगत नाही. अजून एक गंमत म्हणजे, समोरून बेताचा वारा असेल तर थाळी जास्त लांब जाते, कारण वारा तिला खालून उचलून धरतो. गोळाफेकीत अशी मदत मिळत नाही. म्हणून थाळी फेकणारा आधी वाऱ्याकडे बघतो.

मेलबर्न आणि रोम

१९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकला ऑर्टर गेला तेव्हा तो वीस वर्षांचा कॉलेजकुमार होता. सुवर्णपदकाचा दावेदार होता त्याचाच देशबंधू फॉर्च्युन गॉर्डियन, विश्वविक्रम त्याच्या नावावर होता. ऑर्टरने पहिल्याच प्रयत्नात ५६.३६ मीटर फेक केली. त्यानंतर स्पर्धा संपेपर्यंत कुणीही तिच्या पलीकडे गेलं नाही. गॉर्डियन ५४.८१ मीटरवर थांबला. पदक घ्यायला उभं राहिल्यावर आपण काय केलं हे ऑर्टरच्या लक्षात आलं आणि त्याचे गुडघे लटपटले, असं सांगतात.

दुसऱ्याच वर्षी, १९५७ मध्ये, त्याच्या गाडीला मोठा अपघात झाला. जीव जाता जाता वाचला. त्यातून तो उठला आणि पुन्हा वर्तुळात येऊन उभा राहिला.

१९६० च्या रोम ऑलिंपिकला विश्वविक्रमाची बरोबरी करणारा रिंक बाबका त्याच्याच संघात होता. चार फेऱ्या झाल्या तेव्हा बाबका पहिला होता आणि ऑर्टर मागे. पाचव्या फेकीआधी बाबकाने ऑर्टरला सांगितलं की तुझा डावा हात गिरकी घेताना चुकीच्या जागी जातोय. ऑर्टरने हात सुधारला आणि ५९.१८ मीटर फेक केली. सुवर्ण त्याचं झालं. ५८.०२ मीटरवर बाबकाला रौप्य मिळालं.

हे वाचून मी लॅपटॉपवरून नजर काढली आणि जरा वेळ तसाच बसलो. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत, आपण पुढे असताना, आपल्याला हरवू शकेल अशा माणसाला त्याची चूक सांगायची! आमच्याकडे साध्या कोड रिव्ह्यूमध्येही लोक इतके मोकळे नसतात. अल ऑर्टरच्या गोष्टीत रिंक बाबका हे नाव विसरू नका. रौप्यपदकाच्या पलीकडचं काहीतरी त्याने त्या दिवशी कमावलं.

टोकियोतली पाचवी फेक

१८ मे १९६२ रोजी ऑर्टरने ६१.१० मीटर फेक करून विश्वविक्रम केला. २०० फुटांच्या पलीकडची ती पहिली अधिकृत विश्वविक्रमी फेक होती. १९६४ पर्यंत त्याने एकूण चार वेळा विश्वविक्रम केला. पण टोकियो ऑलिंपिक उजाडेपर्यंत तो विक्रम चेकोस्लोव्हाकियाच्या लुडविक डानेककडे गेला होता, ६४.५५ मीटर. डानेक त्या काळात हरतच नव्हता.

इकडे ऑर्टरच्या मानेच्या मणक्याचं दुखणं आधीपासूनच होतं, मानेला पट्टा बांधून तो सराव करायचा. त्यातच स्पर्धेला आठवडाही उरला नसताना बरगडीजवळची कूर्चा फाटली. डॉक्टरांनी सांगितलं, काही आठवडे थाळीला हात लावू नका. तो ऐकेना. शेवटी डॉक्टरांनी बर्फ, पट्ट्या आणि वेदना कमी करणारं इंजेक्शन यांवर त्याला उभं केलं.

प्रत्येक फेकीला कळ येत होती. चार फेऱ्यांनंतर तो मागेच होता. पाचव्या फेकीला त्याने सगळं पणाला लावलं. थाळी सुटली आणि तो वेदनेने वाकून दुमडला. ती कुठे पडली हे बघायलाही तो ताठ होऊ शकत नव्हता. ती पडली होती ६१ मीटरवर. डानेक ६०.५२ मीटरवर राहिला. फरक ४८ सेंटीमीटरचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण हा अंक शाळा-कॉलेजातली मुलंही वाचतात. दुखापत असताना खेळणं हा काही आदर्श नव्हे. मी भाचीला ही गोष्ट सांगितली तेव्हा हेही सांगितलं की डॉक्टर नको म्हणाले तर नको. ऑर्टरचा तो निर्णय त्याच्यापुरता होता. अशा निर्णयातून ज्यांचं शरीर कायमचं अधू झालं, त्यांची नावं आपल्यापर्यंत येत नाहीत.

मेक्सिकोचा पाऊस

१९६८. ऑर्टर आता बत्तीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. यावेळी विश्वविक्रम होता जे सिल्व्हेस्टर या दुसऱ्या अमेरिकन खेळाडूकडे, ६८.४० मीटर. स्पर्धेच्या महिनाभर आधीच त्याने तो केला होता. त्या अंतराच्या आसपाससुद्धा ऑर्टर कधी गेलेला नव्हता. कागदावर बघितलं तर ही लढतच नव्हती.

पण ऑर्टरची सरावाची एक पद्धत होती. तो एकटाच सराव करायचा, कोचशिवाय. हवं तेवढं अंतर मोजून तिथे एक टॉवेल टाकायचा आणि त्या टॉवेलकडे बघून फेकत राहायचा. आणि मनाशी वाईटात वाईट प्रसंग उभे करायचा. ऑलिंपिकचा दिवस आहे, पाऊस पडतोय, वर्तुळ निसरडं झालंय, आपण मागे आहोत आणि एकच फेक उरली आहे. आता काय करशील? आमच्या धंद्यात याला टेस्टिंग म्हणतात. सगळं सुरळीत असताना सॉफ्टवेअर चालतंच. सर्व्हर पडल्यावर, नेटवर्क गेल्यावर काय होतं ते आधी बघून ठेवायचं असतं.

मेक्सिकोत अंतिम फेरीच्या दिवशी खरोखरच पाऊस आला. स्पर्धा थांबली, पुन्हा सुरू झाली. ओल्या वर्तुळात भलेभले बिचकले. ऑर्टरने तिसऱ्या फेकीत ६४.७८ मीटर गाठले. त्याची तोवरच्या आयुष्यातली ती सर्वांत लांब फेक होती. पूर्व जर्मनीचा लोथार मिल्डे ६३.०८ मीटरवर दुसरा, डानेक तिसरा आणि विश्वविक्रमवीर सिल्व्हेस्टर पाचवा.

चारही सुवर्णपदकांचे आकडे एकाखाली एक लिहिले की चित्र साफ दिसतं:

१९५६, मेलबर्न: ५६.३६ मीटर
१९६०, रोम: ५९.१८ मीटर
१९६४, टोकियो: ६१.०० मीटर
१९६८, मेक्सिको सिटी: ६४.७८ मीटर

चारही वेळा नवा ऑलिंपिक विक्रम. आणि चारही वेळा, स्पर्धेला जाताना विश्वविक्रम दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर होता. म्हणजे तो कधीही ‘जगात सर्वांत लांब फेकणारा’ म्हणून ऑलिंपिकला गेला नाही. तो गेला तो स्वतःच्या मागच्या आकड्याच्या पुढे जायला. लांब उडीत कार्ल लुईसने १९८४ ते १९९६ अशी चार सुवर्णपदकं जिंकली तेव्हा कुठे ऑर्टरच्या बरोबरीला कुणी आलं.

आणि तो लुडविक डानेक? टोकियोत रौप्य, मेक्सिकोत कांस्य, आणि ऑर्टर निवृत्त झाल्यावर १९७२ मध्ये म्युनिकला सुवर्ण. मला तोही तितकाच आवडला.

जाता जाता, त्या मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा एक माणूस होता. पंजाबचे प्रवीणकुमार सोबती तिथे हातोडाफेकीत उतरले होते. थाळीफेकीत त्यांनी १९६६ आणि १९७० अशी दोन्ही बँकॉक आशियाई स्पर्धांत सुवर्णपदकं मिळवली. नोकरी सीमा सुरक्षा दलात. ओळख पटली नसेल तर बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’ मालिकेतला भीम डोळ्यांसमोर आणा. तेच ते. लॉकडाऊनमध्ये मालिका पुन्हा लागली तेव्हा आमच्या आजीने त्यांना बघून दोनदा नमस्कार केला होता.

नोकरी सांभाळून

ऑर्टर ग्रमन या कंपनीत होता. लाँग आयलंडवरची ही कंपनी विमानं बनवायची, आणि १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेलं अपोलो यानाचं लुनार मॉड्यूलही तिनेच बनवलं. अशा ठिकाणी दोन तपांहून जास्त काळ ऑर्टरने नोकरी केली. दिवसभर काम, संध्याकाळी मैदान, मग घर. चारपैकी शेवटची तीन पदकं नोकरी करतच आली.

हे वाचलं तेव्हा माझ्या मनात लगेच व्हॉट्सॲप फॉरवर्डसारखं वाक्य तयार झालं: बघा, नोकरी सांभाळूनही ऑलिंपिक जिंकता येतं! ते मी तसंच ताईला पाठवणारही होतो. मग थांबलो, कारण ते अर्धसत्य आहे. त्या काळी ऑलिंपिक हौशी खेळाडूंसाठी होतं. खेळातून पैसे कमावले तर बंदी यायची. म्हणजे नोकरी ही ऑर्टरची हौस नव्हती, त्याच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता. आज परिस्थिती निराळी आहे. आज त्या पातळीला पोचायचं तर कोच, फिजिओ, आहार, परदेशातला सराव, सगळं लागतं आणि दिवसाचा सगळा वेळ द्यावा लागतो. पुरुषांचा विश्वविक्रम १९८६ पासून जर्मनीच्या युर्गन शुल्टच्या नावावर होता, ७४.०८ मीटर. तो मोडायला २०२४ साल उजाडावं लागलं. लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाने तो मोडला आणि २०२५ मध्ये ७५.५६ मीटरपर्यंत नेला. त्याचे वडीलही दोन वेळचे ऑलिंपिक विजेते. अशा जगात ‘जमेल तसं करू’ म्हणून ऑलिंपिक गाठता येत नाही.

पण हाच अलेक्ना विश्वविक्रम खिशात घेऊन २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेला आणि जमैकाच्या रोजे स्टोनाने त्याला हरवलं. ७०.०० विरुद्ध ६९.९७ मीटर. तीन सेंटीमीटर! गॉर्डियन, बाबका, डानेक आणि सिल्व्हेस्टर यांना ती बातमी ओळखीची वाटली असती.

त्रेचाळिसाव्या वर्षी

मेक्सिकोनंतर ऑर्टर निवृत्त झाला. मुली मोठ्या होत होत्या, घराला वेळ हवा होता. सात-आठ वर्षं गेली आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो परत आला. चाळिशीत. लोकांना वाटलं, जुन्या आठवणींसाठी आला असेल.

३१ मे १९८० रोजी, त्रेचाळीस वर्षांचा असताना, त्याने ६९.४६ मीटर फेक केली. ही त्याच्या संपूर्ण आयुष्यातली सर्वांत लांब फेक. मेक्सिकोच्या सुवर्णपदकापेक्षा तब्बल साडेचार मीटर पुढे. पण अमेरिकेच्या निवड चाचणीत तो चौथा आला, आणि संघ तिघांचाच असतो. तसंही अमेरिकेने त्या वर्षीच्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कारच टाकला होता. मॉस्कोत सुवर्णपदक मिळालं ते ६६.६४ मीटरला.

ही फेक मला चारही पदकांपेक्षा जास्त पटली. तिला पदक मिळालं नाही. पण बारा वर्षांपूर्वीच्या स्वतःला त्याने साडेचार मीटरने मागे टाकलं होतं.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात ऑलिंपिक ध्वज वाहून नेणाऱ्यांत तो होता. १९९६ मध्ये अटलांटाला ज्योत घेऊन तो आला आणि त्याने ती मुष्टियोद्धा इव्हँडर होलिफील्डकडे दिली. पुढे तीच ज्योत मोहम्मद अलीच्या हाती गेली. नोकरी संपल्यावर तो चित्रं काढू लागला. रंगाच्या थारोळ्यात थाळी आपटायची आणि उडालेल्या शिंतोड्यांतून चित्र होऊ द्यायचं, असाही प्रयोग त्याने केला. चित्रं काढणाऱ्या इतर ऑलिंपिक खेळाडूंनाही त्याने एकत्र आणलं. शेवटी हृदय थकलं. डॉक्टरांनी हृदय प्रत्यारोपण सुचवलं, त्याने नको म्हटलं. १ ऑक्टोबर २००७ रोजी, एकाहत्तराव्या वर्षी तो गेला.

मी थाळी का सोडली

ताईच्या प्रश्नाकडे परत येतो. ‘सोडलीच ना?’

गेली सतरा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलोय की अभ्यासासाठी सोडली. नातेवाइकांना हे उत्तर आवडतं. पण ते खरं नाही. अकरावीच्या सुरुवातीला आंतरशालेय स्पर्धेत एका मुलाने माझ्यापेक्षा चार मीटर लांब थाळी टाकली. मी त्याच्या थाळीकडे बघत राहिलो. माझी स्वतःची फेक त्या दिवशी आधीच्यापेक्षा दीड मीटर पुढे गेली होती. ते मला दिसलंही नाही. पहिला येणार नसेन तर कशाला टाकायची, असं म्हणून मी घरी आलो आणि क्लासचं निमित्त आयतं मिळालं. आजोबांनी विचारलं तेव्हाही क्लासच पुढे केला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. थाळी मात्र त्यांनी तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवली होती. ते गेल्यावर माळा आवरताना ती मला तशीच सापडली.

हे मी पहिल्यांदा भाचीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मामा, पण ऑर्टर पुरुष. बाई कोण आहे?”

बरं झालं विचारलंस, म्हटलं. कृष्णा पूनिया. हरियाणाची मुलगी, राजस्थानची सून, रेल्वेत नोकरी, एका मुलाची आई. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने ६१.५१ मीटरला सुवर्णपदक घेतलं. १९५८ मध्ये मिल्खा सिंगांनी जिंकल्यानंतर राष्ट्रकुल ॲथलेटिक्समधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण, आणि ते मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या दिवशी रौप्य आणि कांस्यही भारतीय मुलींनीच घेतलं, हरवंत कौर आणि सीमा अंतिल यांनी. दोन वर्षांनी लंडन ऑलिंपिकमध्ये कृष्णा अंतिम फेरीत होती.

भाचीने लगेच फोन काढून तो व्हिडिओ लावला आणि गिरकी थांबवून थांबवून बघू लागली. मी सांगितलेलं सगळं बाजूला राहिलं.

ताईशी मी नंतर स्वतंत्र बोललो. तिला म्हटलं, ती ऑलिंपिकला जाईल असं मी म्हणत नाही. कदाचित पुढच्या वर्षी तिचं तिलाच नकोसं होईल. पण तिने सोडलं तर तिच्या कारणाने सोडू दे, क्लासच्या वेळापत्रकाने नको. आणि माझं उदाहरण देऊ नकोस, ते खोटं होतं. ताई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “सकाळची बॅच आहे का बघते. पण सहाची आहे, उठवायला तू येणार का?” भावोजींचा अजून पूर्ण होकार नाही. पहिल्या युनिट टेस्टचे मार्क बघू, म्हणतात. तेही बरोबरच आहे म्हणा.

सध्या रविवारी सकाळी आम्ही दोघं मैदानावर जातो. मी माझी दीड किलोची घेऊन जातो, पापड्यांच्या कागदावर आता चौथीही वीट आहे. सतरा वर्षांनी गिरकी घेतली तर पहिल्या दिवशी मी वर्तुळाबाहेर जाऊन बसलोच. माझी फेक किती गेली ते इथे लिहीत नाही, पण वहीत लिहिली आहे.

भाचीची सर्वांत लांब फेक २७ मीटरची. गेल्या रविवारी मी टेप घेऊन २८ मीटर मोजले आणि तिथे घरून आणलेला पंचा टाकला. तिने दहा-बारा फेकी केल्या. एकही तिथवर गेली नाही. सगळ्यात चांगली २७ ला जरा कमीच पडली. ऊन चढायला लागलं तसा मी म्हटलं, “चल, पंचा जरा अलीकडे घेऊ का?”

“नको,” ती म्हणाली, “राहू दे तिथेच.” आणि थाळी आणायला धावत गेली.